लहान तलाव, मोठी जबाबदारी
जुन्या तलावांची सुरक्षितता व धोका-वर्गवारी : एक ओळख

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्याच्या पूर्व सीमेवरील वनजिल्हे सागवान, बांबू आणि वाघ यांसाठी जसे ओळखले जातात, तसेच ते तलावांचेही जिल्हे आहेत. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली, आरमोरी, कुरखेडा या भागांतून प्रवास करताना क्वचितच एखादे गाव असे आढळते की ज्याच्या शिवारात तलाव अथवा निदान एखादी बोडी नाही. धानाची शेती, मासेमारी, गुरांचे पाणी, शिंगाड्याचे पीक आणि अलीकडे पर्यटन अशा अनेक अंगांनी हे तलाव लोकजीवनाशी जोडलेले आहेत.

तथापि, तलाव म्हणजे केवळ साठविलेले पाणी नव्हे. ते पाणी अडवून धरणारी मातीची पाळ हे एक धरणच आहे. ते आकाराने लहान असेल, शेदोनशे वर्षांचे जुने असेल, पण धरणाचे सर्व गुणधर्म व सर्व धोके त्यास लागू आहेत. जुलै २०२४ मधील अतिवृष्टीत चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथील मामा तलावाची पाळ फुटून गावातील शेकडो घरांत पाणी शिरले. या घटनेने लहान तलावांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा एकदा ठळकपणे पुढे आला आहे. अशा तलावांचा धोका कसा मोजतात, त्यांची वर्गवारी कोणत्या आधारावर करतात आणि त्यात गावकऱ्यांचा वाटा कोणता, याची ओळख करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांस उदार आश्रय दिला. जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असे धोरण राजा हीरशहा याने अवलंबिल्याची परंपरा सांगितली जाते. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने या भागात मोठी कामगिरी केली. उतार हेरणे, पाळीची जागा निवडणे, जादा पाणी सुरक्षितपणे काढून देणारा 'सलंग' अर्थात सांडवा योग्य ठिकाणी ठेवणे आणि शेतीला पाणी सोडण्यासाठी 'तुडुम' बसविणे, हे सर्व ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. चंद्रपूर शहरातील रामाळा तलाव आणि शहराजवळील जुनोना तलाव ही त्या काळाची स्मारके होत.

पुढे मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, संक्षेपाने 'मामा तलाव', या नावाने ओळखले जातात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात शासनाने बांधलेले घोडाझरी, आसोलामेंढा व नलेश्वर हे मोठे तलाव यांहून वेगळे. त्यांपैकी आसोलामेंढा आता गोसीखुर्द प्रकल्पाच्या कालवा व्यवस्थेशी जोडण्यात आला आहे, तर घोडाझरीचा परिसर २०१८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला.

मालगुजारीच्या काळात पाळीवर माती टाकणे, सलंग साफ ठेवणे ही कामे गावाच्या श्रमांतून होत असत. मालकी बदलली, निस्तार हक्क कायम राहिले, परंतु दरवर्षी पाळीवर जाऊन पाहणारा माणूस अनेक ठिकाणी उरला नाही. जुन्या तलावांच्या आजच्या प्रश्नाचे मूळ बव्हंशी येथे आहे.

धोका आणि दुर्बलता

तलाव धोकादायक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात मिसळतो. पहिली गोष्ट म्हणजे पाळीची स्थिती. ती खचली आहे काय, झिरपते काय, सांडवा पुरेसा आहे काय? दुसरी गोष्ट म्हणजे पाळ फुटल्यास होणारे परिणाम. खालच्या बाजूस घरे, शाळा, रस्ता, पूल वा केवळ पडीक रान, यांपैकी काय आहे? धरणशास्त्रात या दोहोंची गणना स्वतंत्रपणे करतात. धोका-वर्ग हा दुसऱ्या गोष्टीवर ठरतो, पहिल्या गोष्टीवर नव्हे.

याचा अर्थ असा की, नव्याने बांधलेले, निर्दोष धरणही वरच्या धोका-वर्गात असू शकते आणि मोडकळीस आलेली पाळ खालच्या वर्गात असू शकते. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत धरण जुने नव्हते. ते बांधून पूर्णही झालेले नव्हते. परंतु त्याच्या खाली खडकवासला धरण व पुणे शहर होते. धरण कोणत्या वर्गाचे, हे त्याच्या वयाने वा उंचीने नव्हे, तर त्याच्या खाली वसलेल्या लोकांवरून ठरते, हा यातील मुख्य धडा होय.

स्थिती व परिणाम ही दोन्ही अंगे एकत्र मांडली म्हणजे कामाचा अग्रक्रम आपोआप स्पष्ट होतो. पाळ दुर्बल व खाली वस्ती असेल, तर दुरुस्तीस एक पावसाळाही थांबता येत नाही. पाळ सुस्थितीत पण खाली वस्ती असेल, तर पाहणी व इशाऱ्याची व्यवस्था कायम जागती ठेवावी लागते. पाळ दुर्बल पण खाली वस्ती नसेल, तर प्रश्न मुख्यतः सिंचनाच्या नुकसानीचा असतो. दोन्ही बाबतींत निश्चिंती असलेल्या तलावासही वर्षातून दोनदा पाहणे आवश्यक आहेच.

वर्गवारीचे निकष

आपल्या देशात धरणांकडे पाहण्याच्या तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या प्रचलित आहेत.

पहिली मोजपट्टी आकाराची आहे. भारतीय मानक ११२२३ नुसार ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठा अथवा साडेसात ते बारा मीटर जलशीर्ष असणारे धरण 'लहान' गणले जाते, व त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर वाहून नेण्यास समर्थ असावा लागतो. १ ते ६ कोटी घनमीटर साठा अथवा बारा ते तीस मीटर जलशीर्ष असलेली धरणे 'मध्यम' होत, आणि त्यापुढील 'मोठी'. वर्ग जसा वाढतो, तसा सांडव्यासाठी धरावयाचा पूरही वाढतो. मात्र याच मानकाने एक महत्त्वाची सूचना केली आहे. धरणाखालील वस्तीचे स्वरूप पाहून आकाराने लहान धरणासाठीही अधिक मोठा पूर विचारात घेता येतो.

दुसरी मोजपट्टी परिणामांची आहे. केंद्रीय जल आयोगाने २०२० साली धोका-वर्गवारीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत प्रकल्पाचे भांडवली मूल्य, संभाव्य जीवितहानी, संभाव्य मालमत्ताहानी आणि पर्यावरण व सांस्कृतिक वारसा यांवरील परिणाम या चार बाबींना गुण देऊन धरणे चार वर्गांत विभागली जातात. अमेरिकेत हीच वर्गवारी तीन भागांत होते. तेथे एका माणसाचाही जीव जाण्याचा संभव असल्यास धरण वरच्या वर्गात जाते.

तिसरी मोजपट्टी दोषांची आहे. महाराष्ट्रात नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटनेच्या कार्यपद्धतीत पाहणीत आढळलेल्या उणिवा तीन श्रेणींत मांडल्या जातात. धरण फुटण्याकडे नेऊ शकतील अशा गंभीर उणिवा पहिल्या श्रेणीत, तातडीने दुरुस्त कराव्यात अशा दुसऱ्या श्रेणीत आणि किरकोळ स्वरूपाच्या तिसऱ्या श्रेणीत येतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोषांच्या वर्गवारीत पहिली श्रेणी सर्वांत गंभीर असते, तर केंद्रीय धोका-वर्गवारीत वर्गाचा अंक जसा वाढतो, तसा धोका वाढतो.

कायद्याच्या कक्षेत कोण?

धरण सुरक्षितता अधिनियम २०२१ हा संपूर्ण देशास लागू आहे. पंधरा मीटरहून उंच असलेली सर्व धरणे या कायद्याच्या कक्षेत येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी निदान ५०० मीटर, साठा निदान १० लाख घनमीटर अथवा महत्तम पूर-विसर्ग सेकंदाला निदान २,००० घनमीटर आहे, तसेच ज्यांचा पाया वा रचना विशेष स्वरूपाची आहे, तीही यात समाविष्ट होतात. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी, आपत्कालीन कृती योजना आणि ठराविक काळाने सर्वंकष मूल्यमापन ही धरणमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

आपल्या भागातील बहुसंख्य मामा तलावांच्या पाळी दहा मीटरहून कमी उंचीच्या आहेत. म्हणजे कायद्याची मोजपट्टी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पाण्याची मोजपट्टी मात्र पोहोचते. चाळीस हेक्टर पसरलेल्या व सरासरी दोन मीटर खोल अशा साध्या गावतलावात आठ लाख घनमीटर, म्हणजेच आठ लाख टन पाणी असते. पाळ फुटल्यास त्यातील मोठा भाग काही तासांत, तेही बहुधा रात्री व भर पावसात, खालच्या वस्तीवर येतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडी ही वस्ती वाहून गेली. 

विहाराच्या तलावांचा धडा

ज्या तलावाचा मूळ उपयोग संपला आहे व जो आता केवळ सहलीसाठी उरला आहे, त्याची उपेक्षा अधिक होते. सिंचनाचे पाणी कमी पडले की शेतकरी तक्रार करतो. सहलीचा तलाव भरलेला दिसला की सर्वांचे समाधान होते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथील केली बार्न्स धरण प्रारंभी वीजनिर्मितीसाठी होते. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि पुढे तो एका महाविद्यालयाच्या आवारातील विहाराचा तलाव म्हणून राहिला. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर हे मातीचे लहान धरण फुटले व खाली निजलेली ३९ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर त्या देशाने आपल्या धरणांची देशव्यापी तपासणी हाती घेतली.

त्याहून जुने उदाहरण पेन्सिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरणाचे आहे. कालव्यासाठी बांधलेले हे धरण पुढे मासेमारी व शिकारीच्या हौशी मंडळाने विकत घेतले. बग्गी जाण्यासाठी धरणाचा माथा खाली करून रुंद केला गेला आणि तलावात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविण्यात आल्या. ३१ मे १८८९ च्या अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहू लागले, धरण फुटले आणि जॉन्सटाउन व वाटेतील गावांतील २,२०९ माणसे प्राणास मुकली.

ही उदाहरणे दूरची वाटतील. पण मासे अडविण्यासाठी सलंगावर जाळी वा बांबूचा ताटवा लावण्याची रीत आपल्याकडेही आहे. परतीचा पाऊस न आल्यास धान करपेल, या रास्त भीतीने मातीची पोती रचून सलंग उंच केला जातो. तलावाखालच्या नाल्याच्या काठी, वर्षानुवर्षे कोरडी दिसलेल्या जागेत घरे उभी राहतात. पाळीच्या पायथ्याशी उपाहारगृहे, दुकाने व वाहनतळ येतात. घोडाझरीचा सांडवा वाहू लागला की पाहणाऱ्यांची गर्दी होते, तिच्यापैकी बरीच गर्दी सांडव्याच्या खालच्या अंगास असते. तलावाचा एक दगडही हललेला नसताना त्याचा धोका-वर्ग अशा रीतीने वर सरकतो. यासाठीच वर्गवारी एकदा करून ठेवण्याची बाब नसून, ठराविक काळाने नव्याने तपासण्याची बाब आहे.

पर्यटकांच्या बुडण्याचा धोका हा यापासून निराळा आहे. १५ मार्च २०२५ रोजी घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले, तेव्हा पाऊसही नव्हता व पूरही नव्हता. तलावकाठची सुरक्षा व पाळीची सुरक्षा या दोन्ही व्यवस्था स्वतंत्रपणे कराव्या लागतात.

सांडव्याचे साधे गणित

मातीची पाळ पाणी अडवू शकते, पण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही. म्हणून सांडवा हाच तिचा प्राण होय. समजा, एका तलावाचा सांडवा २० मीटर लांब आहे व त्यावरून एक मीटर जाडीचा प्रवाह जात आहे. सर्वसाधारण सूत्रानुसार त्यातून सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पाणी बाहेर पडते. आता जाळी, पालापाचोळा व वाहून आलेल्या फांद्यांनी निम्मा सांडवा तुंबला. तेवढेच पाणी उरलेल्या दहा मीटरांतून जाण्यासाठी प्रवाहाची जाडी सुमारे १.६ मीटर व्हावी लागते. सांडव्याच्या पातळीपासून पाळीचा माथा दीड मीटर उंच असेल, तर पाणी माथ्यावरून वाहू लागेल. म्हणजे पूर तोच, पाळ तीच. केवळ अर्धा सांडवा बंद झाल्याने सुरक्षित तलाव फुटतो.

शिवाय पाळीचा माथा कालांतराने दबतो. गाडीवाट वा पायवाट जाते तेथे तो हातभर खचलेला असतो. पाळीची खरी उंची ही तिच्या सर्वांत खोलगट जागेची उंची होय.

पाहणीत काय पाहावे?

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, तसेच प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. पाळीच्या बाहेरील पायथ्याशी ओल, दलदल किंवा झरा आहे काय? स्वच्छ पाणी अल्प प्रमाणात झिरपणे नेहमीचे असू शकते. परंतु गढूळ पाणी येत असल्यास ते पाळीतील माती वाहून आणत आहे असे समजावे. ही सर्वांत गंभीर खूण होय.

२. माथ्यावर भेगा आहेत काय? पाळीला आडव्या जाणाऱ्या, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे जाणाऱ्या भेगा विशेष धोक्याच्या असतात.

३. उंदीर, खेकडे, साळिंदर यांची बिळे व वारुळे आहेत काय? मोठी झाडे वाळून त्यांची मुळे कुजली आहेत काय? कुजलेले मूळ पाण्याला आयती वाट करून देते. मोठे झाड मात्र स्वतःहून उपटू नये. त्याने पाळीला खिंडार पडते.

४. तुडुमाच्या भोवती पाणी गळते काय? बांधकाम व माती यांच्या सांध्यातूनच पुष्कळदा पाण्याला वाट मिळते.

५. सलंग मोकळा आहे काय, व त्यापुढील नाला अतिक्रमणाने अरुंद झालेला नाही ना?

गाळ काढण्याच्या योजना उपयुक्त आहेत, पण पाळीच्या आतील पायथ्याला लागून खोल खोदाई करू नये. तेथील गाळाचा थर झिरपा रोखत असतो व पाळीच्या उताराला आधार देत असतो.

गावाने करावयाची वर्गवारी

अंतिम वर्गवारी अभियंत्यांनीच करावयाची असते. तरीही ग्रामपंचायतीला एका दिवसात प्राथमिक अंदाज घेता येतो. पाळीपासून नाल्याच्या वाटेने खाली चालत जावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. नाल्याच्या पातळीपासून पुरुषभर उंचीच्या आत माणसे झोपतात अशी घरे, आश्रमशाळा किंवा कामगारांच्या झोपड्या आहेत काय? त्याच पट्ट्यात रस्ता, पूल, वीज उपकेंद्र वा पाणीपुरवठ्याची विहीर आहे काय? आणि खाली दुसरा तलाव आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाचा आपल्या भागात अनेकदा विसर पडतो. वरचा तलाव फुटल्यास त्याचे पाणी खालच्या तलावात येते व तोही फुटू शकतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो तलाव आकाराने कितीही लहान असला तरी गावाने तो वरच्या वर्गाचा समजावा, आणि तसा ठराव करून संबंधित विभागास तपासणीची मागणी करावी. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेच्या तलावांची जबाबदारी सामान्यतः जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन यंत्रणेकडे असते. मासेमार संस्थेशी बोलून पावसाळ्यात सलंगावरील जाळी काढण्याचे ठरवावे. अतिवृष्टीच्या रात्री पाळीवर कोणी जावे, दवंडी वा भोंगा कोणी द्यावा, म्हातारीकोतारी व मुले कोणत्या उंच जागी न्यावीत, हे कागदावर लिहून शाळेत व पोलीस पाटलांकडे ठेवावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर रंगवावा.

सलंग खाली ठेवल्याने पीक धोक्यात येते, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तिचे उत्तर पोत्यांनी सलंग बुजविण्यात नाही. पाळ भक्कम करून, सांडव्याची लांबी वाढवून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने साठा वाढविणे हाच त्यावरील मार्ग आहे. कोहळी कारागिरांनी पाळीइतकीच काळजी सलंगाची घेतली होती, म्हणूनच त्यांचे तलाव शतके टिकले. ज्या तलावाने गावाला धान, मासे व पाणी दिले, त्याच्या पाळीवरून वर्षातून दोनदा डोळसपणे फेरी मारणे आणि पाळीच्या खाली कोण राहते याची नोंद अद्ययावत ठेवणे, एवढे काम प्रत्येक ग्रामसभेला येत्या पावसाळ्यापूर्वी सहज हाती घेता येईल.